उंची वाढायला कोणती पावडर देता?

बी-६०४: गुड इव्हनिंग सगळ्यांना, जरा विचारायचं होतं. आमचा चौथीत आहे, नऊ पूर्ण झाली त्याला. काल आपल्या सोसायटीच्या झेंडावंदनाला पोडियमवर सगळ्या मुलांना उंचीप्रमाणे उभं केलं तेव्हा हा सगळ्यात पुढे आणि ह्याच्या मागे तिसरीतली दोन मुलं. घरी आल्यापासून गप्प आहे, जेवला पण नाही धड. तुम्ही उंचीसाठी कोणती पावडर देता? चॉकलेटवाली असली तर पिईल तो.

सी-११०२: आम्ही रोज दोन चमचे घालतो दुधात. उंचीचं माहीत नाही पण त्या निमित्ताने दूध तरी जातं पोटात.

ए-७०१ आजी: अगं होईल गं उंच. माझा धाकटा दहावीपर्यंत एवढासा होता, कॉलेजात गेला आणि ताडमाड झाला. मुलगे उशिराच वाढतात. नाचणीचं सत्त्व दे आणि बारला लोंबकळायला लाव.

डी-३०३: वहिनी टेन्शन नका घेऊ. तुम्ही दोघं पण काही सहा फूट नाही आहात.

बी-६०४: हो सगळे हेच म्हणतात, पण त्याचा चेहरा बघवत नाही हो.

ए-२०३ सिस्टर: आत्ता बघितला मेसेज, स्टेशनवरून यायला घोडबंदरला दीड तास गेला. पावडरचं आधी सांगते, कुठलीही पावडर उंची वाढवत नाही. ज्या मुलाचं जेवणच कमी पडतंय त्याला नीट खायला मिळालं की त्याची वाढ सावरते, पण ते काम डाळ भात अंडं शेंगदाणे मटकी दूध ह्यानेही होतं, आणि बऱ्याच पावडरींत साखर भरपूर असते, डब्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं ते वाचा. आजी, नाचणी चांगलीच, देऊ दे. लोंबकळून दंड मजबूत होतील, उंचीचा संबंध नाही.
आता माझा प्रश्न. तो रांगेत कितवा आहे ते राहू दे, गेल्या वर्षभरात तो वाढला किती? शाळेच्या वयात, म्हणजे सहापासून वयात येईपर्यंत, मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं आणि वजन २ ते ३ किलो. बुटकं मूल दरवर्षी तेवढं वाढत असेल तर सहसा घाबरायचं कारण नसतं. आणि उंच मुलाची वाढ मंदावली तर तो उंच आहे म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही. आकडे आहेत का कुठे लिहिलेले?

बी-६०४: शाळेच्या कार्डावर असतात पण त्याच्यावर विश्वास नाही माझा, दोन वर्षं एकच वजन लिहिलंय. थांबा, सासरे दर १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की बेडरूमच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करतात आणि तारीख टाकतात. बघून येते.

एफ-४०१: सिस्टर, ह्याच्यातच विचारते. आमची सात वर्षांची रात्री पाय दुखतात म्हणून रडत उठते, सकाळी टणाटण उड्या मारते. नाटक आहे का?

ए-२०३ सिस्टर: नाटक नाही, दुखतं खरंच. दोन्ही पाय, पोटऱ्या नाहीतर मांड्या, संध्याकाळी किंवा रात्री, आणि सकाळी काही नाही, असं असेल तर हे ह्या वयात बऱ्याच मुलांना होतं. चोळा, गरम शेक द्या, जवळ घेऊन बसा. पण एकच पाय दुखतोय, लंगडतेय, सांधा सुजलाय, ताप आहे, किंवा सकाळी उठल्यावरच जास्त दुखतंय, ह्यातलं काहीही असेल तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे.

सेक्रेटरी काका: मध्येच लिहितो, माफ करा. उद्या टाकी धुणार, ११ ते ४ पाणी बंद. चालू द्या तुमचं, चांगलं चाललंय.

बी-६०४: सात वर्षांचा होता तेव्हा ११५.५. आठला १२१. कालची खूण १२४. म्हणजे आधीच्या वर्षी साडेपाच आणि ह्या वर्षी तीनच???

ए-२०३ सिस्टर: थांब, अजून घाबरू नकोस, आधी परत मोज. चप्पल नको. टाचा, पार्श्वभाग, खांदे चौकटीला टेकलेले, नजर सरळ समोर, पाय सरळ. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धर, पट्टी धरलीस तर ती वाकडी होते. आणि सकाळी मोज. दिवसभर उभं राहून, उड्या मारून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात, संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी येऊ शकते. खुणा नेहमी झेंडावंदनानंतरच झाल्यात म्हणजे वेळ एकच आहे, ते बरंच आहे. तीनदा मोज आणि सरासरी काढ.

डी-१२०४: मी पण विचारू का, आमची नऊची आहे आणि तिला आत्ताच

ए-२०३ सिस्टर: ताई, तुला पर्सनलवर लिहिते. ह्या ग्रुपवर अर्ध्या घरांत मुलंच आईचा फोन बघतात, मुलींच्या शरीराचं इथे नको. सगळ्यांसाठी एवढंच सांगते की मुलींत बदल ८ ते १३ मध्ये कधीही सुरू झाले तरी ते वेळेवरच, मुलग्यांत ९ ते १४. मुलीत आठच्या आधी किंवा मुलग्यात नऊच्या आधी दिसले तर दाखवायचं. मुलींची उंचीची झेप आधी येते म्हणून पाचवी सहावीच्या वर्गात मुली डोक्याने वर दिसतात, त्यावरून मुलग्यांना चिडवू नका, त्यांची झेप साधारण दोन वर्षं मागून येते.

बी-६०४: गुड मॉर्निंग. तीनदा मोजलं, १२३.९, १२४, १२४.१.

ए-२०३ सिस्टर: म्हणजे १२४ पक्की. तुमच्या दोघांची उंची?

बी-६०४: हे १६८, मी १५४.

ए-२०३ सिस्टर: दोघांची बेरीज ३२२, मुलगा आहे म्हणून त्यात १३ मिळवायचे, ३३५, भागिले दोन, १६७.५. म्हणजे मोठेपणी १६७ च्या आसपास अपेक्षा, थोडं खालीवर धरून. मुलगी असती तर १३ वजा केले असते. आता नऊला १२४ ही उंची एकट्याने बघितली तर कमी आहे पण भयंकर नाही, आणि म्हणूनच सगळे होईल होईल म्हणताहेत. मला खटकतात ते ह्या वर्षीचे तीन सेंटिमीटर. ह्या वयात वर्षाला चारपेक्षा कमी वाढ झाली तर आम्ही वाट बघत नाही. आजींचा धाकटा उशिरा वाढला तसा हाही असू शकतो, पण ते तपासून म्हणायचं. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि चौकटीचे तिन्ही आकडे कागदावर लिहून ने, ते रिपोर्टाइतकेच मोलाचे आहेत. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचे २०१५ चे तक्ते आहेत, ५ ते १८ वर्षांच्या आपल्याकडच्या मुलांचे, त्यावर ठिपके मांडायला सांग. रेघ आपल्या पट्ट्यातून खाली घसरतेय का ते लगेच दिसतं. रक्त बघतील, हिमोग्लोबिन, थायरॉइड, गव्हाच्या अ‍ॅलर्जीसारखा सीलिअ‍ॅक म्हणून आजार असतो तो, आणि डाव्या मनगटाचा एक्सरे काढतील हाडांचं वय बघायला, म्हणजे हाडं किती वर्षांच्या मुलाइतकी तयार झालीत ते. अलीकडे थकतो का? थंडी जास्त वाजते? शौचाला त्रास?

बी-६०४: पोट साफ होत नाही म्हणतो. आणि हो, झोपतो खूप. मला वाटलं शाळेची बस ६.२० ला म्हणून.

ए-२०३ सिस्टर: हे सगळं डॉक्टरांना सांग, आपणहून. विचारतील म्हणून थांबू नकोस.

ए-७०१ आजी: मी काल उगीच होईल होईल म्हटलं गं.

बी-६०४: नाही हो आजी, तुम्ही धीरच दिलात. सिस्टर, त्याला काय सांगू? सुई म्हटलं की घर डोक्यावर घेतो. गार्डनमध्ये जातोय असं सांगून नेऊ का?

ए-२०३ सिस्टर: मुळीच नको. सव्वीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली, फसवून आणलेलं मूल पुढच्या वेळी गेटपासूनच रडतं, आणि मग ते आईचंही ऐकत नाही. चार वर्षांच्या मुलाला ऐनवेळी सांगितलं तरी चालतं, नऊ वर्षांच्याला आदल्या दिवशी सांगायचं आणि खरं सांगायचं. सुई टोचेल, मुंगी जोरात चावल्यासारखं वाटेल, दहा आकडे मोजेपर्यंत संपेल. ह्या वयात सगळ्यात भीती असते ती आपल्या हातात काहीच नाही ह्याची. म्हणून छोट्या गोष्टी त्याला ठरवू दे, कुठला हात, बघायचं की मान वळवायची, आकडे मराठीत मोजायचे की इंग्लिशमध्ये. जायचं की नाही हे मात्र विचारू नकोस, ते त्याच्या हातात नाही आणि तसं भासवायचंही नाही. रडला तर रडू दे, शूर मुलं रडत नाहीत हे वाक्य घरात कोणी म्हणायचं नाही. हात हलवला नाहीस, मला मदत झाली, असं म्हण.
आणि रांगेचं. नर्सिंगला एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं शिकवतात, त्यात सहा ते बारा ह्या वयाबद्दल आहे की मूल ह्या काळात एकतर मला जमतं हे शिकतं नाहीतर मी कमी आहे हे. तो कॅरममध्ये आमच्या ह्यांना हरवतो, सायकलची चेन स्वतः बसवतो. ते त्याला ऐकू जाऊ दे. काका, पुढच्या वर्षी उंचीप्रमाणे उभं नका करू हो मुलांना.

सेक्रेटरी काका: मान्य. विंगप्रमाणे उभं करू. माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सी-११०२: सिस्टर आमच्याकडे कामाला येतात त्या ताईंचा मुलगा पालिकेच्या शाळेत आहे, तो पण खूप बारीक आहे, त्यांना हा खर्च नाही झेपणार.

ए-२०३ सिस्टर: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, ० ते १८ वर्षांसाठी, २०१३ मध्ये पालघरमध्येच सुरू झाला होता, तेव्हा पालघर आपल्या ठाणे जिल्ह्यात होतं. अंगणवाडीत आणि सरकारी, पालिकेच्या शाळांत पथक येऊन मुलं तपासतं, काही निघालं तर पुढचे उपचार मोफत. ताईंना म्हणा शाळेत बाईंना विचारायचं, पथक कधी येतं. आणि जंताची गोळी शाळेत देतात ती चुकवू द्यायची नाही. त्यांना माझ्याकडे पाठव, मी उंची वजन घेऊन देते लिहून.

बी-६०४: (शनिवार) जाऊन आलो. उजवा हात त्याने निवडला, डावा एक्सरेला हवा म्हणून. मराठीत मोजले, सातला झालं. रडला थोडा. डॉक्टरांनी मग एक्सरे लाइटवर लावून त्याला मनगटातली छोटी हाडं मोजायला लावली, सात सापडली, म्हणाले आठवं अजून दिसायचंय. हाडांचं वय साडेसातचं निघालं. वाढायला जागा आहे म्हणाले पण मागे का पडलं ते शोधायचं. थायरॉइडचा रिपोर्ट सोमवारी. एक्सरेची पिशवी स्वतः धरून बसला होता रिक्षात, कोणाला देईना.

ए-२०३ सिस्टर: सोमवारी रिपोर्ट हातात आला की आधी मला फोन कर, कितीही वाजता. आणि त्याला सांग सिस्टर आजीला तो एक्सरे बघायचाय, आठवं हाड कुठे येणार ते मी दाखवते.