जबाबदारी साहेबांची, जीव कोणाचा?

साहेबांनी धोक्याचं काम करायला सांगितलं तर काय करावं, यावर एकाने लिहिलंय, "साहेबांनी सांगितलं की करून मोकळं व्हायचं, उद्या काही झालं तर तेच निस्तरतील." कसले निस्तरतात! ढाक्याजवळच्या साभारमधलं राणा प्लाझा आठवा. २३ एप्रिल २०१३ ला आठ मजली इमारतीच्या खांबांना तडे गेले. पाहायला आलेल्या इंजिनिअरने धोका स्पष्ट सांगितला. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी कामगारांना बोलावलं, आणि आला नाहीत तर पगार कापू हा दम वर. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर धडधडू लागले आणि इमारत कोसळली. ११०० हून जास्त माणसं गेली. तडे सगळ्यांना तेच दिसत होते. बँकवाल्यांना साहेब बरे मिळाले, एवढाच फरक.

"सरळ राजीनामा फेका" हा दुसरा सल्लाही मला पटत नाही. महिन्याचा पगार अडकलेल्या शिलाईवाल्या बाईने काय फेकायचं?

त्यापेक्षा तोंडी हुकूम तोंडी राहू देऊ नका. "साहेब, सुरक्षेचं कव्हर (गार्ड) काढून मशीन चालवायला सांगितलंत, तसंच करायचं ना?" एवढा एक ओळीचा मेल टाका. भल्याभल्या हट्टी साहेबांचा सूर तिथे बदलतो (उत्तर न देता फोन करतात, तोच पुरावा समजा). भोपाळनंतर, १९८७ मध्ये, तेव्हाच्या कारखाने कायद्यात कलम ४१-एच आलं ते याचसाठी: घातक प्रक्रिया असलेल्या कारखान्यातल्या कामगाराला धोका मॅनेजरबरोबरच थेट सरकारी निरीक्षकाच्याही कानावर घालता यावा. फक्त एकट्याने जाऊ नका, चार जणांच्या सह्या घ्या.