'ड्राय मंचुरियन घ्या, भात टाळा' : या सल्ल्याशी असहमत

कढईकाठी
'वजन उतरवताना चायनीज' या कालच्या धाग्यातला सल्ला असा: भात-नूडल्स पूर्ण बंद, मंचाव सूप आणि ड्राय व्हेज मंचुरियन घ्या, ग्रेव्ही नाही म्हणजे तेल नाही. त्याखाली 'छान माहिती, सेव्ह केलं' अशी रांग लागली आहे. लोक हे पाळतील आणि महिन्याभराने काटा हलला नाही म्हणून स्वतःला दोष देतील, म्हणून सविस्तर लिहितो.

ड्राय म्हणजे फक्त रस्सा नसलेलं. किसलेल्या कोबीला मीठ लागलं की पाणी सुटतं, मग गोळा वळण्यासाठी मैदा आणि कॉर्नफ्लोअर वाढवत न्यावं लागतं. एका प्लेटमागे 60-70 ग्रॅम पीठ सहज जातं. गोळे दुपारीच अर्धे तळून परातीत ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा तळतात. तळण तेल पितं ते मुख्यतः बाहेर काढल्यावर, निवताना. आतली वाफ बसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. दोनदा तळलं की हे दोनदा होतं. प्लेटमागे 25-30 ग्रॅम तेल धरा. वर कढईत लसूण-मिरचीच्या फोडणीला आणखी एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली, 120 कॅलरी. पीठ 230, शोषलेलं तेल 250, फोडणी 120, भाज्या 40. झाले सव्वासहाशेच्या वर, आणि प्रथिनं नावालाच.

आता वाटीभर स्टीम राइस (150 ग्रॅम शिजलेला, 195), कोटिंगशिवाय 120 ग्रॅम चिकन (140), भाज्या (40), एक चमचा तेल (120), एक चमचा कॉर्नफ्लोअर (30). सव्वापाचशे. भात खाऊन, ग्रेव्ही खाऊन, 25 ग्रॅमच्या वर प्रथिनं घेऊन.

पथ्यपाणी
मंचुरियनचं मान्य. पण ग्रेव्हीला मोकळं सोडू नका. गार्लिक सॉसमध्ये साखर असते, हॉट गार्लिकमध्ये केचप असतो, स्वीट अँड सावरमध्ये दोन्ही. कॉर्नफ्लोअर शुद्ध स्टार्च आहे. वजन कमी करणाऱ्याने सूपसुद्धा क्लिअरच घ्यावं.

कढईकाठी
सूपमधल्या कॉर्नफ्लोअरची भीती अनाठायी आहे. एका बोलला एक ते दीड चमचा लागतो, 30 ते 45 कॅलरी. मंचावमध्ये घात करतात वरच्या तळलेल्या नूडल्स, त्या वेगळ्या वाटीत मागवा आणि हात लावू नका. साखरेचं तुमचं म्हणणं स्वीट कॉर्न सूपला मात्र लागू, डब्यातल्या क्रीम कॉर्नमध्ये साखर असते.

लसूणपात
मुख्य विषय राहिलाच. अजिनोमोटो! चायनीजने वजन वाढतं ते त्याच्यामुळे. आधी 'अजिनोमोटो नको' सांगा, मग तेलाचं बघा.

रसायनवही
हे वाचून खरंच राग येतो. अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. 1908 मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुने इकेदांनी कोंबू या समुद्री वनस्पतीच्या रश्शातून ग्लुटामेट वेगळं काढलं. तेच ग्लुटामेट टोमॅटोत आहे, मुरलेल्या चीजमध्ये आहे. बदनामीची सुरुवात 1968 च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या एका पत्रापासून. ते पत्र होतं, प्रयोग नव्हता, आणि त्यात मिठाचा आणि स्वयंपाकातल्या वाइनचाही संशय व्यक्त केला होता. चिमूटभर ग्लुटामेटने चरबी वाढत नाही.

लसूणपात
मग चायनीज खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर का जातो? रात्रभर तहान का लागते? तुमच्या पत्राबित्राने हे खोटं ठरत नाही.

रसायनवही
खोटं म्हणालोच नाही, कारण चुकीचं धरलंय म्हणालो. मिठात सोडियम 39 टक्के, अजिनोमोटोत 12 टक्के. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा 2000. सूपमध्ये सोया, नूडल्समध्ये सोया, ग्रेव्हीत सोया आणि वर मीठ, म्हणजे एका जेवणात मर्यादा संपते. शरीर ते पातळ करायला पाणी धरून ठेवतं, तो तुमचा किलो. दोन-तीन दिवसांत उतरतो. चायनीजच्या दुसऱ्या सकाळी वजन करूच नका. आणि 'अजिनोमोटो नको' सांगितल्यावर चव भरून काढायला आचारी मीठ-सोया वाढवतो, म्हणजे सोडियम उलट वाढतं.

लसूणपात
काही लोकांना खरंच डोकं दुखतं. त्यांना वेड्यात काढू नका.

रसायनवही
नाही काढत. रिकाम्या पोटी, अन्नाशिवाय, 3 ग्रॅम किंवा जास्त घेतल्यावर काही संवेदनशील लोकांना थोडा वेळ त्रास होऊ शकतो. त्यांनी टाळावं. पण धागा वजनाचा आहे.

गिरगावची खिडकी
मंचुरियनला चायनीज म्हणणंच थांबवा. त्याचं श्रेय 1975 चं, मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियातल्या नेल्सन वँग यांना दिलं जातं. घरगुती चिनी जेवणात वाफवलेला मासा, पालेभाज्या, साधा भात असतो. दोष त्या स्वयंपाकाला का?

पथ्यपाणी
कोपऱ्यावरच्या गाडीवर वाफवलेला मासा मिळत नाही. जे मिळतं त्यावर बोला. शाकाहाऱ्यांचं तर कोणी बोलतच नाही. पनीर चिली सांगितलं की पनीर आधी तळतात, आणि न तळताही 100 ग्रॅमला पावणेतीनशेच्या आसपास. टोफू त्याच्या निम्म्याने, पण किती ठिकाणी असतो?

भटारखाना
आतल्या बाजूचं सांगतो. 'कमी तेल' एवढंच सांगून काही होत नाही. पळी तेलात बुडवली की अंदाजच दोन-तीन चमच्यांचा असतो. शिवाय 'स्टर फ्राय' लिहिलेल्या भाज्या आणि चिकन बऱ्याच ठिकाणी आधी तेलातून काढतात, नंतर परततात. म्हणून नेमकं सांगा: 'भाज्या आणि चिकन पाण्यातून काढा, कोटिंग नको, परतायला एकच चमचा.' फ्राइड राइसला हे सांगू नका. कमी तेलात भात कढईला धरतो, आचारी पुन्हा तेल सोडतो. हक्का नूडल्सचंही तसंच, उकडल्यावर चिकटू नयेत म्हणून आधीच तेल चोळलेलं असतं. स्टीम राइस घ्या. आणि सातला या. शनिवारी नऊला सहा ऑर्डरी एका कढईत चालू असताना वेगळं काही होत नाही, 'हो' म्हणतील आणि नेहमीचंच देतील.

कढईकाठी
पाण्यातून काढलेलं चिकन चामट होतं, हे आक्षेप म्हणून येईलच.

भटारखाना
होतं, जाड तुकडे खळखळत्या पाण्यात टाकले तर. पातळ काप, अंड्याचा पांढरा आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळून, उकळी मोडल्यावर मिनिटभर. मऊ राहतं.

लसूणपात
सोडियमचं पटलं. अजिनोमोटोचं अर्धंच पटलं. टेबलावरची शेजवान चटणी चालेल की तीही बंद?

भटारखाना
ती तेलातच शिजते, वर तरंगतं ते तेलच. शेजारची व्हिनेगरमधली हिरवी मिरची घ्या, हवी तितकी.