मदत हवी आहे: दोन वर्षांत दुसरा डिफरन्शियल गेला, चुकतंय कुठे?

लालमाती:
नमस्कार मंडळी. सावंतवाडीजवळ आमची काजूची बाग आहे, तिच्यासाठी एक जुनी फोर व्हील जीप ठेवलीय. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसात तिचा मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना फिरवणारी, वळणावर त्यांना कमी-जास्त फिरू देणारी गिअरची पेटी) गेला. ओढ्यातून रोजची ये-जा होती. झाकण काढलं तर आत तेल कुठलं, पाणी मिसळून नुसतं ताक! मेस्त्रीने भंगार बाजारातून क्राउन-पिनियनची (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर पिनियन, तो फिरवतो तो मोठा क्राउन) जुनी जोडी आणून बसवली आणि काम भागलं.

आता परवा पुढचा गेला. आंबोली घाट चढत होतो, रस्ता ओला म्हणून फोर व्हील टाकलेली. एका वळणावर स्टेअरिंग जड झालं, गाडी कुणीतरी मागून धरल्यासारखी अडली आणि खालून खाट्‌ आवाज आला. खोलून बघितलं तर पिनियनचे दोन दात तळाशी पडलेले. तेल मात्र या वेळी स्वच्छ, ८०डब्ल्यू-९०, जीएल-५, वर्षाच्या आतलं.

मेस्त्री म्हणतो, "तुम्ही गाडी ताणता." घाटात सेकंड गिअरला काय ताणणार? नवीन माल घालण्याआधी कारण कळायला हवं, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

आणखी माहिती: चारही टायर एकाच मापाचे, एकदम घेतलेले. फोर व्हीलचा दांडा हल्ली सुटायला फार छळतो, चार हात रिव्हर्स घेतल्याशिवाय निघत नाही. ॲव्हरेज पडलंय, पण तो वेगळा विषय. कुडाळची फेरी पूर्वी जाऊन-येऊन ४४ किमी व्हायची, आता मीटर ४० दाखवतो. केबल बदलून झाली.

पाणंद:
मागच्याचं कारण सोपं आहे. डिफरन्शियलचं गरम हौसिंग (बाहेरचं कवच) थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं भोक, चिखलाने बुजलेला असेल तर ती ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढते. ब्रीदरला रबरी नळी जोडून वर बॉनेटखाली न्या, शंभर-दोनशेचं काम आहे. आणि एक चाक चिखलात गरगरत असताना ॲक्सिलरेटर दाबून धरू नका. आतले छोटे गिअर एरवी फक्त वळणावर जरासे फिरतात. तसे गरगरले की ते ज्यावर फिरतात ती क्रॉस पिन कोरडी पडून जाम होते.

घाटवाट:
पुढच्याबद्दल बोलतो. तुमच्या जीपला मधला डिफरन्शियल नाही. फोर व्हील टाकली की ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधून टाकते. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची आत कापतात, पण शाफ्ट दोघांना सारखंच फिरवतात. चिखलात चाक घसरून तो पीळ सुटतो. डांबर ओलं असलं तरी पकड बऱ्यापैकी देतं, पीळ साठत जातो. रिव्हर्स घेतल्यावर दांडा सुटतो तो त्यामुळेच. तेव्हा डांबरावर फोर व्हील नको, ही तुमची चूक.

पण एवढ्याने सहसा दात तुटत नाहीत. मला ते ४४ चे ४० खटकतायत. मीटर ट्रान्सफर केसवरून चालतो, म्हणजे शाफ्टचे फेरे मोजतो. त्याच रस्त्याला शाफ्ट कमी फिरतोय. ही गोष्ट भंगारातली जोडी घातल्यापासूनची आहे का? तसं असेल तर मागचं प्रमाण (क्राउनचे दात भागिले पिनियनचे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) बदललंय आणि पुढचं जुनंच राहिलंय. ॲव्हरेज पडलेलंच नाही, किलोमीटर कमी मोजले जातायत.

पुढचा उघडाच आहे तर दात मोजा. मागचा खोलायची गरज नाही. गिअर न्यूट्रल, टू व्हील, चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडा. मागचं एकच चाक जॅकवर उचला, शाफ्टवर खडूची रेघ मारा आणि चाक बरोबर दोन फेरे फिरवा; दुसरं चाक थांबलेलं असल्याने तेवढ्यात क्राउन एकच फेरा घेतो. शाफ्टचे जेवढे फेरे होतील तेवढं प्रमाण.

लालमाती:
आत्ताच मोजलं, मुलगा खाली झोपून शाफ्ट बघत होता. पुढे क्राउनला ४३ दात, पिनियनला ८. मागे शाफ्टचे फेरे पाचाला जरासे कमी, रेघ पूर्ण खाली आलीच नाही. आणि हो, मीटर त्याच पावसाळ्यापासून कमी दाखवतोय.

घाटवाट:
मग मागे ३९/८ आहे. पुढचं ५.३८, मागचं ४.८८. फोर व्हीलमध्ये पुढची चाकं एक किलोमीटर जातात तेवढ्यात मागची अकराशे मीटर जायला बघतात. सरळ रस्त्यावरही भांडण! वळण फक्त निमित्त झालं. मेस्त्रीने जोडी आणली तेव्हा दात मोजले नाहीत, एवढंच.

आता दोन वाटा. पुढे ३९/८ घाला, एकाच जोडीत भागेल, ओढ थोडी कमी होईल. किंवा दोन्हीकडे ४३/८. बागेतला चढ खडा असेल तर मी दुसरी वाट धरीन, खर्च दुप्पट झाला तरी. ट्रान्सफर केस आणि शाफ्टचे सांधे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंटही तपासून घ्या, दोन वर्षं त्यांनीही मार खाल्लाय.

लालमाती:
चढ खडाच आहे, वरून काजूची पोती उतरवायची असतात. दोन्हीकडे ४३/८. उद्या भंगार बाजारात मेस्त्रीबरोबर मी स्वतः जातोय, खिशात खडू घेऊन.