लग्न हा उपाय नाही

लैंगिक वर्तनावर ताबा राहत नाही म्हटलं की ‘लग्न करून टाका, आपोआप सुटेल’ असा सल्ला देतात, तो मलाही मिळाला होता. केलं लग्न. सुटलं काहीच नाही, उलट आता बायकोपासूनही लपवावं लागायला लागलं.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. इंदूरच्या रामबागेत सगळेच ओळखीचे, म्हणून मुद्दाम लांब विजयनगरला. तरी जिन्यातून दोनदा परत फिरलो. डॉक्टरांनी ‘किती वेळा’ हे आधी विचारलंच नाही. थांबायचा प्रयत्न करूनही किती महिने जमत नाहीये, आणि कामाचं, झोपेचं, पैशाचं काय झालंय, एवढंच विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत (२०२२ पासून लागू) असं अनावर लैंगिक वर्तन हा आवेग-नियंत्रणाचा, म्हणजे ऊर्मी आवरता न येण्याचा, विकार म्हणून नोंदलाय. नुसतं ‘आपण पापी’ वाटणं म्हणजे हा विकार नव्हे, हेही त्यात स्पष्ट आहे. माझं निम्मं ओझं तिथेच उतरलं.

पुढे सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी, बोलून करायची उपचारपद्धती. रात्र, एकटेपणा, हातात फोन, त्याआधी ऑफिसातली कटकट, ही साखळी वहीत लिहायची. भयंकर कंटाळवाणं, पण त्यानेच फरक पडला. सोबत नैराश्यही निघालं, त्याच्या गोळ्या वेगळ्या.

बभ्रा होईल ही भीती असेल तर गोपनीयता हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. जायला धजत नसाल तर आधी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे. भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’वाल्यांकडे मात्र जाऊ नका.