भरलेली ट्रॉली आणि रस्त्यावरचा वेग : आपापला अनुभव लिहा

मांजराकाठ
बॉयलर पेटले, रस्ते उसानं भरले. काल संध्याकाळी मुरुडकडून लातूरला येताना पुढं जोड ट्रॉली होती (एकामागं एक लावलेल्या दोन). मागची ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडं हलत होती आणि ट्रॅक्टर काही हळू होईना. मागचे सगळे हंगाम डोळ्यापुढं आले, म्हणून हा धागा.

ऊस, पाण्याचा टँकर, मळणी यंत्र, कडबा, काहीही ओढत असाल तर लिहा. कुणाचं काय झालं ते नको. किती वेग, का, आणि निघायच्या आधी काय बघायचं ते लिहा, म्हणजे नव्या पोरांना कामाला येईल.

माझा हिशोब असा, ताशी किलोमीटरमधी. एक भरलेली ट्रॉली, सपाट कोरडं डांबर : 25. जोड भरलेली : 18 ते 20. उतार : 10-12. रिकामी : 30 च्या आत. टॉप गिअरला ट्रॅक्टर 30-35 पळतो म्हणून पळवायचा असं नसतं. 30 ला ट्रॅक्टर सेकंदाला सव्वाआठ मीटर जातो. दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला यात दीड सेकंद धरा, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच साडेबारा मीटर गेले. 20 ला तेच सव्वाआठ मीटर. पुढं अजून वाईट : वेग 20 चा 30 झाला की दीडपट, पण ब्रेकनं जिरवायचा जोर सव्वादोन पट. आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात. दोन-अडीच टनांच्या ट्रॅक्टरनं वीस टन आवरायचे, ते पण निस्त्या मागच्या दोन चाकांवर.

फडकरी
पेडलची पट्टी!! शेतातून रस्त्यावर आलं की डावं-उजवं ब्रेक पेडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. एकाच पेडलवर पाय पडला की एकच चाक धरतं, ट्रॅक्टर आडवा. 15 च्या वेगात पण.

धारूरचा_घाट
फडकरी भाऊ, पट्टी लावून भागत नाही. दोन्ही पेडलचा मोकळा खेळ सारखा पाहिजे. एक पेडल दोन बोटं आणि दुसरं चार बोटं दबत असेल तर पट्टी असूनही एका अंगाला ओढतंय. मोकळ्या रस्त्यावर, रिकामा, 15 ला ब्रेक मारून बघा. दोन्ही चाकांचे व्रण सारखे उठले तर ठीक.

बोरीबाभळी
हातरेस (हातानं लावून ठेवायची रेसची दांडी) वर ठेवून रस्त्यानं चालवणारे लई आहेत. पाय काढला तरी इंजिन ओढतच राहतं. रस्त्यावर हातरेस पूर्ण खाली, पायानंच रेस द्यायची. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरवणारा) पण सुटलाय का बघा, तो अडकलेला असला की वळणावर ट्रॅक्टर सरळच जायला बघतो.

धारूरचा_घाट
उताराचं सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडं धारूर, मांजरसुंबा, येडशी, कुठंही जा, घाट आहेच.

वीस मीटरला एक मीटर असा उतार असेल तर 20 टनांचा माल साधारण एक टनाच्या जोरानं ट्रॅक्टरला मागून ढकलतो. टायरचं घर्षण त्यातलं थोडं खातं, बाकी सगळं इंजिन आणि ब्रेकवर. म्हणून :

गिअर उतार सुरू व्हायच्या *आधी* पाडायचा. ज्या गिअरमधी तो घाट भरलेल्या मालासकट चढला असता, त्याच गिअरमधी उतरायचा. मधातच गिअर बदलायला गेलं तर एक गिअर सुटतो, दुसरा पडत नाही, आणि न्यूट्रलमधी वीस टन मोकळे सुटतात.

क्लचला पाय लावायचा नाही. क्लच दाबला की इंजिनाची पकड संपली. डिझेल वाचतं म्हणून न्यूट्रल करणारे आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, नका करू.

ब्रेक धरून ठेवायचा नाही. दाबायचा, वेग उतरला की सोडायचा, परत दाबायचा. सतत घासून लायनर तापले की पेडल दाबतं पण धरत नाही.

आणि जे काय ब्रेक मारायचे ते सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी. वळणात ट्रॅक्टर तिरपा असताना मागची चाकं जाम झाली की ट्रॉली दांडीवरून ढकलते आणि दोघांची घडी होते. घडी व्हायला लागल्यावर ब्रेक अजून दाबू नका, सोडा. चाक फिरायला लागलं तरच ते रस्ता धरतं.

मांजराकाठ
दादा, हे छापून प्रत्येक फडावर लावलं पाहिजे.

सोयाबीन_तूर
मळणी यंत्राचं कुणी लिहिलं नाही म्हणून. अरुंद, उंच, स्प्रिंगचे पाटे नाहीत, चाकं लहान. खड्ड्यात एक चाक गेलं की सगळं यंत्र हेलकावतं. 15 च्या वर नको. पीटीओचा शाफ्ट (ट्रॅक्टरवरून यंत्र फिरवणारा दांडा) काढून वर ठेवायचा, भुसा फेकायचं तोंड दुमडून पिन मारायची. सैल राहिलं तर समोरून येणाऱ्याला लागतं.

जालनेकर
आमच्याकडं उन्हाळा म्हणजे टँकर. 5000 लिटर म्हणजे 5 टन पाणी, टाकीचं वजन वेगळं. पूर्ण भरलेला टँकर बरा, *अर्धा* घातक. अर्ध्या टाकीत पाण्याला पळायला जागा असते. ब्रेक मारला की पाणी पुढच्या पत्र्यावर आदळतं आणि थांबलेला ट्रॅक्टर परत पुढं ढकलतं. वळणावर सगळं पाणी बाहेरच्या अंगाला गोळा. आत आडवे पडदे मारलेले असतील तर लाट तुटते, पण गावात बनवलेल्या कितीतरी टाक्यांत ते नसतात. झाकणातून बॅटरी मारून बघा. पडदा नसेल तर अर्ध्या टँकरला 15, वळणावर 10. एका वस्तीवर अर्धा सोडून पुढं जायचं असलं तर हे ध्यानात ठेवा.

केशर_आंबा
यंदा वाढ्यांचा (उसाच्या हिरव्या शेंड्यांचा) काय भाव चालू आहे तुमच्याकडं? म्हशीला पाहिजे होते.

फडकरी
केशर ताई, ऊसतोड टोळीला विचारा, फडावर स्वस्त पडतात. रस्त्यावर ट्रॉलीतून ओढून घेऊ नका एवढंच, पोरं चालत्या ट्रॉलीमागं पळतात.

केशर_आंबा
हो, ते बघून काळजाचं पाणी होतं. सांगते पोरांना. आणि विषय निघालाच आहे तर : चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीला ट्रॉल्या भरून माणसं जातात. ट्रॉली मालासाठी आहे, माणसं वाहायची परवानगीच नाही, हे घरातल्या बायकांनीच ठामपणे सांगावं. उभी माणसं म्हणजे वजन वर गेलं. वळणावर सगळे एका अंगाला झुकतात तो झोक वेगळा. एसटीनं जा, जीप करा.

वेल्डिंगवाला
वेगाच्या आधी पिन बघा. हुकातली पिन काढून हातात घ्या. जिथं दांडीची कडी बसते तिथं ती चाटलेली असते, वरून-खालून जाड आणि मधी कंबर बारीक. नखानं कड लागली तर बदला. जुना सळईचा तुकडा, बोल्ट, नांगराची पिन हे चालणार नाही. खाली क्लिप पाहिजे, तार गुंडाळलेली नको. कडीचं भोक लांबट झालं असेल तर प्रत्येक गचक्याला हातोडा बसल्यासारखं होतं, तिथंच दांडीच्या वेल्डिंगला केसासारखी चीर जाते. रंग उडून गंजाची बारीक रेघ दिसली म्हणजे चीर आहे. वरून नुसता टाका मारू नका, घासून, खोल करून भरायची.

जोड ट्रॉलीला साखळी पण पाहिजे, पिन निघाली तर दांडी जमिनीत घुसू नये इतकी आखूड, वळताना ताणणार नाही इतकी लांब.

मांजराकाठ
आणि जोडात जड ट्रॉली पुढं, हलकी मागं. उलटं केलं की शेपूट मारते. काल दिसली ती बहुतेक हीच भानगड.

वेल्डिंगवाला
किंवा टर्नटेबल (ट्रॉलीची पुढची चाकं ज्यावर वळतात ती चकती) ढिला, किंवा मागच्याचा एक टायर कमी हवेचा. शेपूट मारायला लागली तर जोरात ब्रेक मारू नका, स्टेअरिंग उलटसुलट फिरवू नका. रेस हळू सोडा, आपोआप बसते. ज्या वेगाला हलायला लागली त्याच्या 5 खालीच तो फेरा पूर्ण करायचा, आणि रिकामी झाल्यावर कारण शोधायचं.

नांदेड_ते_फ्रेस्नो
वाचून बरं वाटलं. इकडं कॅलिफोर्नियात लोक गाडीमागं राहायचा ट्रेलर लावून फिरतात, आम्ही पण यंदा भाड्यानं घेणार आहोत. नियम 55 मैलांचा आहे, म्हणजे 88 किलोमीटर. वजन आणि वेगाचं गणित सारखंच का?

वेल्डिंगवाला
गणित तेच, आकडे मोठे. तिकडच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात हा मोठा फरक. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर आला पाहिजे. जड सामान मागं भरलं की हुकावरचा भार कमी होतो आणि 80-90 ला ट्रेलर डुलायला लागतो. डुलला तर पाय रेसवरून काढा, गाडीचा ब्रेक नको, ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा कंट्रोल असेल तर तो हातानं थोडा दाबा. ट्रेलरच्या टायरवर एसटी (ST, म्हणजे स्पेशल ट्रेलर) लिहिलेलं असतं. त्यावर वेगाचा वेगळा शिक्का नसेल तर 65 मैल म्हणजे 105 ही त्यांची हद्द धरतात. हवा टायर थंड असताना भरा. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी बाहेर ढकलल्यासारखं, मग आत ओढल्यासारखं होईल, स्टेअरिंग धरून ठेवा, झटका देऊ नका.

नांदेड_ते_फ्रेस्नो
लई उपकार दादा. एसटी म्हणल्यावर मला आधी लाल डबाच आठवला 😄

जालनेकर
हुकावरचा भार आपल्या एका अॅक्सलच्या दोनचाकी ट्रॉलीला पण तितकाच लागू. माल मागं गेला की दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात, ब्रेक धरत नाही. फार पुढं गेला की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं, स्टेअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर वळत नाही. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा भाग पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे. पुढं वजनाच्या प्लेटा लावा. आणि ओढायचं ते हुकालाच, थ्री पॉइंटच्या (मागं अवजार जोडायच्या तीन दांड्यांच्या) वरच्या लिंकला कधीच नाही.

बोरीबाभळी
तोंड उचललं की हेडलाइट पण आभाळाकडं बघतात, समोरचा आंधळा. हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

हबकॅप
टायर-हब. निघाल्यावर 5 किलोमीटरला थांबून प्रत्येक हबला तळहाताची मागची बाजू लावा. सगळे कोमट आणि एक चटका देणारा, तर त्याचं बेअरिंग चाललंय. जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवा. खडखड लागली तर नट चाक जड फिरेपर्यंत आवळा, मग एक खाच मागं घ्या, नवी कॉटर पिन. जुनी वाकवून परत घालायची नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरची शेतातली हवा 12-14 पीएसआय असते, भरलेली ट्रॉली घेऊन डांबरावर यायचं तर 18-20 लागते. कमी हवेवर टायरची बाजू लवते आणि ट्रॅक्टर डुलतो, लोकांना वाटतं ट्रॉलीचा दोष.

सोयाबीन_तूर
हबकॅप भाऊ, 9.00-20 चे जुने टायर कितीला बसतात सध्या? चार पाहिजेत.

हबकॅप
भाव सांगण्यापेक्षा घेताना आतून बघा. बाहेरून नक्षी चांगली आणि आतून दोरे सुटलेले असतात. एका अॅक्सलवर एकाच मापाचे घ्या.

फडकरी
काळ्या रानातून वर येताना : पाणंदीतून हायवेला तिरपं चढू नका, काटकोनात या. तिरपं आलं की एका अंगाची चाकं आधी वर जातात आणि उंच भरलेली ट्रॉली तिथंच कलते. चढायच्या आधी टायरचा चिखल खरडून काढा. डांबरावर पडलेल्या त्या लगद्यावर मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. पंक्चर झाल्यावर चाकामागं लावलेले दगड पण रस्त्यात सोडून जाऊ नका रे. लाकडी ठोकळा बाळगा आणि परत घेऊन जा.

बीड_बायपास
मी कारवाला, माझ्या बाजूनं सांगतो. मी 80 ला, ट्रॉली 20 ला, म्हणजे 60 नं तिच्यावर चाललोय. 100 मीटर अंतर 6 सेकंदात संपतं. मी 100 ला असलो तर साडेचार सेकंद. रात्री उसाच्या लोंबत्या वाढ्यांमागं टेललाइट झाकलेले असतात, काळोखात काळी भिंत. हळू चालवा हे बरोबर, पण हळू चालणारं *दिसलं* पाहिजे.

वेल्डिंगवाला
बरोबर आहे तुमचं. त्याला उपाय असा : लाइट ट्रॉलीच्या बॉडीला ठेवूच नका. दीड-दोन फुटांची फळी घ्या, तिच्यावर दोन लाल दिवे, इंडिकेटर आणि त्रिकोण बसवा. भरून झालं की ती फळी उसाच्या *बाहेर*, सगळ्यात मागं, दोरानं बांधा. ट्रॅक्टरपासून वायर लांब ठेवा, मधी सॉकेट, म्हणजे ट्रॉली सोडताना तुटत नाही. जोडात फळी मागच्या ट्रॉलीला.

बीड_बायपास
टेप कोणती लावायची?

वेल्डिंगवाला
दोन इंची रिफ्लेक्टर टेप. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी. पत्रा आधी डिझेलनं नाही, साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा. डिझेलवर गोंद धरत नाही, आठ दिवसात सुटते.