‘सेट’, ‘रन’ आणि आपलं ‘लागणे’

इंग्रजीत सर्वाधिक अर्थ ‘सेट’ या शब्दाला, असं म्हणतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत ते खरंच होतं; या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ तिथे आहेत. पण ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली तेव्हा एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. त्याला यंत्रयुगाने हात दिला. माणूस धावतो, नदी वाहते हे होतंच. मग इंजिन, गिरणी, शेवटी संगणकावरचा प्रोग्राम, सगळं त्याच शब्दावर चालू लागलं.

आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली आठ भाषांचा शासनशब्दकल्पतरू काढवला. इंग्रजी कारभारी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी असे पर्याय. फार मोठं काम! कारभारातला अर्थ ठरलेला असतो, त्यामुळे तिथे शब्दासमोर शब्द ठेवता येतो. ‘सेट’ला ते कसं जमणार? सूर्य मावळतो, हाड बसवतात, प्रश्नपत्रिका काढतात, तारीख ठरवतात.

हल्ली घरात ‘दही सेट झालं’ ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. ‘विरजण लागलं’ म्हणा ना! भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो. बस फलाटाला लागते आणि घाटात माणसाला लागते ती वेगळी. ‘लागणे’ या बाबतीत ‘सेट’ला मुळीच हार जाणार नाही.

शिकवणीच्या मुलांना म्हणून मी अशा शब्दांचे सुटे अर्थ पाठ करायला देत नाही, पूर्ण वाक्यं देते.