प्रदर्शनातला स्टॉल: आयोजकांच्या पॅनेलवरचा कंत्राटदार की आपला नेहमीचा फॅब्रिकेटर?

भोसरीचा टर्नर

बंगळूरच्या आयएमटेक्स या मशीन टूल प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की आमच्या एमआयडीसीत चहाच्या टपरीवर एकच विषय असतो: "स्टॉल कोणाला दिलास?" उत्तरही ठरलेलं: "आपला नेहमीचा आहे ना पुण्यातला. पॅनेलवाले लुटतात." हा धागा त्या उत्तराविरुद्ध आहे. नऊ ते अठरा चौरस मीटरवाल्या लहान उद्योजकाने, तेही परगावच्या प्रदर्शनात, आयोजकांच्या पॅनेलवरचाच, म्हणजे त्यांच्या मान्यताप्राप्त यादीतलाच, कंत्राटदार घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

नवख्यांसाठी थोडक्यात. जागा दोन प्रकारे मिळते. शेल स्कीम म्हणजे तयार खोकं: तीन बाय तीन मीटर, अडीच मीटर उंचीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खांबांत बसवलेले पांढरे पॅनेल, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन स्पॉटलाइट, पाच अँपिअरचा एक सॉकेट आणि कचऱ्याची टोपली. दुसरी रॉ स्पेस, म्हणजे फरशीवर खडूने आखलेला चौकोन. बाकी सगळं तुमचं तुम्ही उभं करायचं. फॅब्रिकेटर, म्हणजे स्टॉल बांधून देणारा, लागतो तो इथे.

आता पुण्याच्या माणसाने सगळं प्लाय, एमडीएफ आणि छापील व्हिनाइल टेम्पोत भरून आठशेहून जास्त किलोमीटर न्यायचं. वाटेत एक पॅनेल फुटलं तर तुमकूर रोडवर रात्री अकराला तो लॅमिनेट कुठून आणणार? त्या हॉलचे नियम त्याला माहीत नसतात. कामगारांचे पास, अनामत रक्कम, किती उंचीच्या पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं, हे सगळं तो गेटवर पोचल्यावर शिकतो, तुमच्या खर्चाने. त्याचा तो स्वस्त 'चौरस मीटरचा रेट' नीट वाचलात तर प्लॅटफॉर्म त्यात नाही, थ्री-फेजचा डीबी (वीज वाटपाचा बोर्ड) नाही, टीव्ही 'अ‍ॅट अ‍ॅक्चुअल्स', म्हणजे होईल तो खर्च वेगळा. पॅनेलवाला महाग दिसतो कारण तो सगळं आधीच लिहून देतो.

---

प्लायवुड आणि घाम

असहमत. आणि मी याच धंद्यात आहे, तेव्हा माझा स्वार्थ गृहीत धरूनच वाचा.

साहेब, पॅनेलवर नाव असणं म्हणजे कामाची हमी नव्हे. बऱ्याच ठिकाणी कागदपत्रं आणि नोंदणीची फी भरली की नाव लागतं. त्या पॅनेलवाल्याकडे एकाच हॉलमध्ये दहा-बारा स्टॉल आले की तो काय करतो? आमच्यासारख्यांना फोन लावतो. सुतार तेच, रंगारी तेच, मधल्या माणसाचं कमिशन तेवढं वाढलं. फरक इतकाच की उद्घाटनाच्या आदल्या रात्री तुमच्या स्टॉलचा दरवाजा बसला नाही, तर तो मोठ्या गिऱ्हाइकाच्या स्टॉलवर असतो आणि तुम्ही त्याला शोधत हॉलभर फिरता. तुमचा 'नेहमीचा' तुमच्याच स्टॉलवर गालिच्यावरचं प्लास्टिक सोलत बसलेला असतो.

वाटेत पॅनेल फुटण्याबद्दल: तयारीचा माणूस दोन जास्तीचे पॅनेल आणि व्हिनाइलचा एक रोल गाडीत टाकूनच निघतो. न टाकणारा पुण्याचा असो की बंगळूरचा, त्याला काम देऊच नका.

खरा घोटाळा तुमच्याकडून होतो. तिघांकडून स्टॉलचं थ्रीडी चित्र फुकट काढून घ्यायचं, पहिल्याचं डिझाइन तिसऱ्याला देऊन म्हणायचं, "हेच कितीत करशील?" मग तो एकोणीस मिमी प्लायच्या जागी बारा मिमी मारणार, लॅमिनेटच्या जागी रंग मारणार, आणि पाहुणे येतात तेव्हा रंग ओलाच. वर शेवटचा हप्ता प्रदर्शन संपल्यावर "बघू". उद्यम नोंदणी असलेल्या लघु उद्योजकाला 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असा एमएसएमईडी कायदा 2006 पासून आहे, तो स्टॉल बांधणाऱ्यालाही लागू होतो हे भल्याभल्यांना माहीत नसतं.

---

भोसरीचा टर्नर

थ्रीडीचं पटलं. पण थ्रीडी काढणारे तुम्हीच ना हो? चित्रात साडेचार मीटरचा मनोरा, वरून लटकणारा गोल फलक, फिरणारा लोगो. प्रत्यक्षात त्या हॉलमध्ये छताला काही लटकवायचं तर ते काम आयोजकांच्याच माणसाकडून करून घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे, हे चित्रात कुठे असतं? पॅनेलवाल्याने निदान आयोजकांचं नियमांचं मॅन्युअल उघडून बघितलेलं असतं.

---

इचलकरंजीचा धोटा

तुम्ही दोघंही मोठ्या लोकांच्या गोष्टी करताय. आम्ही शेल स्कीम घेतो, घडीची कापडी बॅकवॉल पिशवीत घालून नेतो, दोन स्टँडी, एक टेबलक्लॉथ. तासाभरात स्टॉल तयार. कंत्राटदारच नाही तर भांडण कसलं?

एकच काळजी घ्यायची: नावाच्या पट्टीचा फॉर्म मुदतीत आणि कॅपिटल अक्षरांत भरायचा. नाहीतर पाचही दिवस चुकीच्या नावाखाली उभं राहा. आणि जाताना एक चांगला एक्स्टेन्शन बोर्ड न्या, कारण तो सॉकेट कायम टेबलाच्या विरुद्ध कोपऱ्यात असतो. यामागे कोणाचं डोकं आहे कळत नाही.

---

भोसरीचा टर्नर

धोटासाहेब, तुमचे सुटे भाग ब्रीफकेसमध्ये मावतात. दोन टनांचं मशीन कापडी बॅकवॉलसमोर कसं चालवून दाखवू?

---

हॉल नंबर तीन

मी काही वर्षं आयोजकांच्या बाजूला काम केलंय, म्हणून एक गोष्ट सांगतो जी वर दोघंही गाळताहेत. 'कोणाला निवडायचं' हा प्रश्न निम्म्या सेवांना लागूच नाही. मुख्य वीजजोडणी, कॉम्प्रेस्ड एअर, हॉलमधली क्रेन-फोर्कलिफ्ट, छताला टांगणं हे बहुतेक ठिकाणी आयोजक किंवा त्यांनी नेमलेला एकच माणूस करतो. तिथे तुमचा पुण्याचा, मुंबईचा, मेहुण्याचा कोणीच चालत नाही. स्टॉलची बांधणी, फर्निचर, टीव्ही, फुलं, होस्टेस यांत तुम्हाला मोकळीक असते. आधी मॅन्युअल उघडा आणि या दोन याद्या वेगळ्या करा, मग वाद घाला.

लोक ओरडतात की ही मक्तेदारी आहे. आहेच. पण शंभर स्टॉलवाल्यांनी शंभर हायड्रा क्रेन हॉलमध्ये आणायच्या म्हटलं तर एकही मशीन जागेवर जाणार नाही. विजेचंही तेच. आम्ही तुमच्या स्टॉलपर्यंत केबल आणून देतो, पुढचा डीबी आणि वायरिंग तुमच्या कंत्राटदाराचं. भांडणं नेमकी या सांध्यावर होतात. तुम्ही फॉर्ममध्ये पाच किलोवॉट सिंगल फेज लिहिता, मशीनला थ्री-फेज लागतो, फॅब्रिकेटर म्हणतो मला कोणी सांगितलंच नाही. मुदतीनंतर वाढीव लोड मागितला की अधिभार लागतो, आणि तेव्हा आम्ही चोर.

मशीनवाल्यांसाठी आणखी एक: मशीन आधी, भिंती नंतर. फोर्कलिफ्टची वेळ आधी नोंदवा आणि फॅब्रिकेटरला त्यानंतरची वेळ द्या. फॅब्रिकेटरने हौसेने पहिल्याच दिवशी प्लॅटफॉर्म ठोकला आणि मशीन दुसऱ्या दिवशी आलं, की प्लॅटफॉर्म उखडलेला मी दरवर्षी बघायचो.

---

प्लायवुड आणि घाम

हॉल नंबर तीन, सगळं मान्य, पण मॅन्युअल फक्त एक्झिबिटरच्या लॉगिनमध्ये असतं. गिऱ्हाईक ते आम्हाला पाठवतच नाही. "तुम्ही बघा ना काय ते." काय बघू, डोंबल?

---

आकडेमोड

मी सीए आहे. स्टॉल सुंदर कोण करतो यात मला पडायचं नाही, पण कोटेशनची तुलना करताना लोक कराची बाजू सोडून देतात.

जागेच्या भाड्यावर आणि फॅब्रिकेशनवर 18 टक्के जीएसटी असतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत कंपनीने बंगळूरच्या कंत्राटदाराकडून काम घेतलं तर बिलावर आपला जीएसटी नंबर आणि आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा जीएसटी) आहे का बघा. त्याने सवयीने सीजीएसटी आणि कर्नाटकचा एसजीएसटी लावला तर त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, तुम्हाला इथे घेता येत नाही. हॉटेलचं तसंच: खोली जिथे, कर तिथला, त्यामुळे बंगळूरच्या हॉटेलवरचा कर तुमच्या खर्चातच धरायचा. जो जीएसटी बिलच देत नाही त्याचा 'स्वस्त' रेट या हिशेबात बहुतेक वेळा स्वस्त उरत नाही.

मशीन विकायला नाही, दाखवायला जातंय, म्हणून डिलिव्हरी चलनावर पाठवा. किंमत ₹50,000 च्या वर असली की परराज्यात जाताना ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतं, त्यात कारण 'प्रदर्शन' निवडा. परतीचं वेगळं करावं लागतं, आणि तेच राहतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळे दमलेले, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, आणि ई-वे बिल करणारा अकाउंटंट भोसरीत घरी गेलेला. ट्रान्झिट विमा काढतानाही परतीचा प्रवास धरलाय का ते विचारा.

---

ऱ्हाइनकाठची

मी डुसेलडॉर्फला असते. इथल्या प्रदर्शनांत भारतातून आलेल्यांना दुभाषी आणि जागेवरची मदत पुरवण्याचं काम करते. भोसरीकरांचा मुद्दा भारतात किती लागू आहे माहीत नाही, पण इथे शंभर टक्के लागू आहे.

हॅनोवर मेसेत 2015 साली भारत भागीदार देश होता, त्यानंतर मराठी उद्योजकांची वर्दळ मला जास्त जाणवायला लागली. त्यातले काही जण आपला फॅब्रिकेटर घेऊन येतात. इथे सजावटीच्या सामानाला अग्निरोधक बी-वन दर्जाचा कागद लागतो. भारतातून आणलेल्या कापडाला तो नसला तर तपासणीवाला शांतपणे "काढा" म्हणतो आणि निघून जातो, वाद घालायला थांबतही नाही. प्रदर्शन संपल्यावर प्लाय तिथेच टाकून गेलात तर कचरा उचलण्याचं बिल येतं. ते बघून नाना पाटेकरसुद्धा गप्प बसतील.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी ईईपीसीसारख्या निर्यात प्रोत्साहन संस्थेच्या इंडिया पॅव्हेलियनमध्ये तयार स्टॉल घ्यावा. नमुना मशीनसाठी फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेण्याचा कस्टम्सचा कागद, काढा, एक वर्षापर्यंत चालतं. पण कार्नेटवर आणलेलं परत न्यावंच लागतं. माहितीपत्रकं, वाटायच्या वस्तू आणि चिवडा त्यात लिहू नका.

---

प्लायवुड आणि घाम

ताई, जर्मनीचं मान्य. तिथे मीही लोकल माणसालाच काम देतो. पण जर्मनीचा न्याय पुण्याजवळच्या मोशीला लावू नका. डिसेंबरातल्या किसान प्रदर्शनात धूळ अशी असते की दुपारपर्यंत काळ्या ग्रॅनाइट फिनिशचं काउंटर राखाडी होतं. तिथे चकचकीत थ्रीडीपेक्षा उंच प्लॅटफॉर्म, मॅट फिनिश आणि दर दोन तासांनी फडका मारणारा पोरगा लागतो. हे मोशीत काम केलेल्यालाच सुचतं, पॅनेलवर असो वा नसो.

---

भोसरीचा टर्नर

म्हणजे हॉल माहीत असलेला माणूस हवा. मी वेगळं काय म्हणतोय?

---

प्लायवुड आणि घाम

तुम्ही म्हणताय पॅनेल. मी म्हणतोय, त्याच हॉलमध्ये याआधी उभ्या केलेल्या स्टॉलचे फोटो आणि त्या गिऱ्हाइकाचा फोन नंबर. थ्रीडी नको, फोटो. आणि शक्य असेल तर उद्घाटनाच्या सकाळी नव्हे, शेवटच्या दिवशी जाऊन बघा. पहिल्या दिवशी सगळेच स्टॉल नवरीसारखे दिसतात. पाचव्या दिवशी कडेची पट्टी सुटलीय का, काउंटरचं कुलूप चालतंय का, स्पॉटलाइट मालावर आहे की पाहुण्यांच्या डोळ्यांवर, यातून माणूस कळतो.

---

कंदी पेढा

अवांतर, पण गरजेचं. एक्झिबिटरच्या यादीत नाव आलं की ईमेलचा पाऊस पडतो. "तुमच्या प्रदर्शनाच्या पाहुण्यांचा डेटाबेस विकत घ्या", "आम्ही अधिकृत हॉटेल पार्टनर", "डिरेक्टरीतली तुमची नोंद मोफत तपासून सही करा". शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. बारीक अक्षरांत काही वर्षांच्या वर्गणीचा करार असतो आणि नंतर युरोत बिलं येतात. प्रदर्शन उद्योगाची जागतिक संघटना उफी याविरुद्ध जाहीर इशारे देत आलीय. आयोजकांच्या साइटवर ज्याचं नाव नाही तो 'अधिकृत' नाही, इतकं धरून चाला.

---

भोसरीचा टर्नर

बघा, इथे तुम्हीच पॅनेलच्या यादीवर आलात की नाही!

---

नवखा सप्लायर

सगळं वाचलं आणि जास्तच गोंधळलो. अठरा चौरस मीटर, दोन बाजू उघड्या, एक सीएनसी मशीन, बजेट बेताचं. कोणाला देऊ?

---

हॉल नंबर तीन

देण्याआधी मशीनचं वजन, लांबी-रुंदी आणि विजेचा लोड एका कागदावर लिहा. मॅन्युअलची पीडीएफ उतरवून घ्या. तो कागद आणि पीडीएफ, दोन्ही, एक पॅनेलवाला, एक पुण्याचा आणि एक बंगळूरचा पण पॅनेलबाहेरचा अशा तिघांना एकाच दिवशी पाठवा. प्लॅटफॉर्म, गालिचा, डीबी, टीव्ही, बांधणी, काढणी आणि प्रदर्शन सुरू असताना थांबणारा एक माणूस, या प्रत्येकाचा रेट वेगळ्या ओळीत मागा. जो उलट प्रश्न विचारेल त्याच्याशी पुढे बोला. जो तासाभरात नुसता आकडा पाठवेल त्याने पीडीएफ उघडलेली नाही.

---

भोसरीचा टर्नर

आणि तो उलट प्रश्न विचारणारा पॅनेलवाला निघाला तर इथे येऊन सांग.

---

प्लायवुड आणि घाम

निघाला नाही तरी सांग. आणि काहीही ठरव, शेवटचा हप्ता वेळेवर दे रे बाबा.